मजुरी बुडू नये म्हणून

पहाटे ६.००

डिसेंबरात कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडेसहाच्या आत गाडीत बसतात. त्यांना गाठायचं तर उपकेंद्र उघडायची वाट पाहून चालत नाही. म्हणून शनिवारी मी बोदवडहून अंधारातच स्कूटी काढते आणि गावच्या मारुतीच्या पारावर रक्तदाबाचं यंत्र, कंबर मोजायचा टेप आणि तपासणीचे फॉर्म घेऊन बसते. पद समुदाय आरोग्य अधिकारी, पण गावात मी सिस्टरच.

ही पहाटेची फेरी मला कोणी नेमून दिलेली नाही. आमच्या रजिस्टरात उच्च रक्तदाबाचे जे रुग्ण होते, त्यांची नावं एकदा ओळीने वाचली. निवृत्त गुरुजी, बागायतदारांचे वडील, किराणा दुकानदार, घरी गडीमाणसं असलेल्या बाया. मजुरांच्या वस्तीतली नावं अगदी थोडी. वरवर बघणाऱ्याला वाटावं, की ब्लडप्रेशर हा खाऊनपिऊन सुखी माणसाचाच आजार. पण नऊ ते चार या वेळात उपकेंद्रात येणं ज्याला परवडतं, त्याचंच प्रेशर मोजलं जात होतं. बाकीचे त्या वेळी वावरात होते.

बाई पारावर येते ती साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालून. डोक्याला रुमाल, कमरेला गुंडाळलेली ओटी, हातात भाकरीचं फडकं. रक्तदाब मोजायचे नियम मला पाठ आहेत: माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली हवी, दंड हृदयाच्या पातळीवर, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. इथे गाडीवाला हॉर्न वाजवत असतो आणि बाईच्या दातांना मिश्री लागलेली असते. तरी तिला चूळ भरायला लावते, पाराच्या कट्ट्याला पाठ टेकवून बसवते, शर्टाची बाही सरकवून पट्टा बांधते आणि दोनदा मोजते.

आज एकीचं १६८/१०४ आलं. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं तर १६४/१०२. वय बेचाळीस, अंगावर मांस म्हणून नाही.

"मले काई होत नही व सिस्टर. सकायपासून रातपावतर राबते मी. राबणाऱ्याले कुठी प्रेशर असते?"

फॉर्म भरायला घेतला. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो आणि प्रत्येक उत्तराला गुण असतात. चाळीस ते एकोणपन्नास वयाला २. रोजच्या तंबाखूला २, आणि मिश्री तंबाखूच. दारू नाही, ०. कंबर ७४ सेंटिमीटर. बायकांना ८० पर्यंत ०. आठवड्याला दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का? ती तेवढी एका सकाळीच होते, ०. आईबाप, भावाबहिणींत कोणाला ब्लडप्रेशर, साखर, हृदयाचं दुखणं? "नही." बेरीज ४. बेरीज चारच्या वर गेली तरच त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. म्हणजे कागदावर या बाईची घाई नव्हती.

मी विचारलं, बाप कशानं गेला?

"वावरात गेला. औत हाकता हाकता खाली बसला, तठीच गेला. पन्नास बी नही झाल्ते."

त्याचं प्रेशर कधी कोणी मोजलेलं नव्हतं. निदान झालं नाही, म्हणून मुलीच्या दृष्टीने घरात आजार नाही. ज्या घरात डॉक्टर पोचला नाही, त्या घराची आनुवंशिकताही फॉर्मवर कोरी दिसते. मी 'होय'वर खूण केली. बेरीज ६ झाली. सोमवारी उपकेंद्रात ये म्हटलं, तर सोमवारी दुसऱ्याच्या वावरात वेचा ठरलेला. किलोवर मजुरी, नाही गेली तर गेली. संध्याकाळी गाडी परतली की मीच घरी येईन, असं ठरवून तिला जाऊ दिलं.

सकाळी ७.१५

शिरसाळ्याच्या मारुतीला शनिवारी तालुक्यातून पुष्कळ माणसं पायी जातात. बोदवडकडे परतताना ती भेटतात. त्यांच्या मागेपुढे पांढरे बूट घालून फिरायला निघालेले लोकही असतात. नोकरीतून उतरलेले, आडतीचा व्यवसाय असलेले, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा भुसावळला रेल्वेत अपडाऊन करणारे आणि सुटीचा दिवस पायाला लावणारे. त्यांच्या अंगावरून वेचणीच्या गाड्या जातात.

२०१७ साली लॅन्सेटमध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार माणसांचा एक अभ्यास आला. त्यात भारतही होता. हौसेने केलेला व्यायाम असो, शेतातलं काम असो, घरकाम असो की कामाला जाताना झालेलं चालणं असो, आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि अकाली मृत्यू दोन्ही कमी, असं त्यातून दिसलं. वारी करणाऱ्यालाही फायदा, धुणं धुणाऱ्या बाईलाही. हे मी गावात आवर्जून सांगते, कारण व्यायाम म्हणजे जिम, असं समजून अनेकजण चालणंही सोडून देतात.

पण पारावरच्या त्या बाईचा युक्तिवाद मात्र यावर टिकत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी जड कामाच्या मजुरांचा अभ्यास केला, तेव्हा ओझी वाहणाऱ्यांना फिरायला जाणाऱ्यांइतका फायदा दिसला नाही. फिरणारा तासाभराने घरी येतो, पाणी पितो, बसतो. मजुराचं हृदय आठ-दहा तास चढ्या गतीने चालतं, वाकून, ओणव्याने, उन्हात, पाणी बेताचं पिऊन, आणि मधली विश्रांती त्याच्या मर्जीवर नसते. वेचणारी बाई उपाशीपोटी निघते, दुपारी चटणी-भाकरी खाते, परतल्यावर चूल पेटवते. श्रमाबरोबर विसावा लागतो आणि गावात विसाव्याची वाटणी जमिनीच्या वाटणीसारखीच झालेली आहे.

सकाळी ९.३०

उपकेंद्र. फलकावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं आहे. पहिले रुग्ण महिन्याच्या गोळ्या न्यायला आले. अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज एक, तीस दिवसांच्या तीस. एवढ्याशा गोळीने किती झटके आणि किती लकवे टळतात, हे जगभर सिद्ध झालेलं आहे. तरी अर्धा वेळ एकाच वाक्याशी झुंजण्यात जातो: "आता बरं वाटते, म्हून बंद केली." वाढलेल्या प्रेशरला दुखणं नसतं, हे समजावायला मला अजून सोपे शब्द सापडायचे आहेत.

नंतर एक भाऊ आले. वय पन्नास, बागायती शेती, दारात ट्रॅक्टर. कंबर १०४. पुरुषांची ९० च्या वर गेली की एक गुण, शंभराच्या वर गेली की दोन. वडील याच गावात औत हाकत, रोज दोनदा मळ्यात पायी जात. भाऊ मोटारसायकलने बांधापर्यंत जातात आणि गाडीवर बसूनच मजुरांना सांगतात. जमीन तीच, वाट तीच, पण एका पिढीत चालणं संपलं.

हे भरताचे दिवस. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. वांगं आणि कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद, यांच्याविरुद्ध मला काही बोलायचं नाही. हृदयासाठी याहून चांगलं ताट शोधायला जावं लागेल. माझं भांडण आहे ते त्याच्यावर ओतलेल्या तेलाशी, भाकरीच्या जागी आलेल्या पुऱ्यांशी, सोबतच्या शेवेशी आणि हे सगळं आठवड्यात तीन मळ्यांत तीनदा होण्याशी. खिचडीवर कच्चं तेल घेणाऱ्या प्रांतात तेल कमी करा म्हणणं सोपं नसतं. भाऊ म्हणाले, "सिस्टर, पाहुण्याले तर्री नही दाखवली तं तो काय म्हनीन?" खरं आहे. आमच्याकडे तेलाचा तवंग म्हणजे यजमानाची ऐपत.

त्यांना एक गोष्ट सांगितली, ती नागपूरची. आपल्या रेल्वेमार्गावरच्याच नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी यांच्या नेतृत्वाखाली २००७ साली एक निबंध आला. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासातली माहिती त्यांनी तपासली. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका येण्याचं सरासरी वय निघालं ५३, बाकीच्या देशांत जवळजवळ ५९. सहा वर्षं आधी. कारणंही परकी नव्हती: तंबाखू, प्रेशर, साखर, पोटाचा घेर, रक्तातली चरबी, भाज्या-फळं कमी, हालचाल कमी. आपल्याकडे ती कमी वयातच एकत्र येतात. भाऊंनी स्वतःचं वय मनात वजा करून पाहिलं असावं. जाताना रक्ततपासणीची चिठ्ठी मागून घेतली.

दुपारी ११.४५

आशाताईंबरोबर वस्तीत घरभेटी. या वेळी घरी म्हाताऱ्या, बाळंतिणी आणि शाळा बुडवून धाकट्याला सांभाळणाऱ्या मुली असतात.

पहिल्या घरात मिठाचा हिशेब केला. घरात पाच माणसं. जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पाच माणसांना दिवसाला पंचवीस ग्रॅम धरलं तर किलोची पुडी चाळीस दिवस पुरायला हवी. आजी म्हणाल्या, वीस दिवसांत संपते. मग मी वर पाहिलं. आढ्याला टांगलेल्या टोपलीत बिबडे, ज्वारीचे पापड, कुरडया. फळीवर लोणच्याची बरणी. मीठ तिथे गेलेलं होतं. पण भाजी नसेल त्या दिवशी भाकरी जाते ती मिठाच्या आणि तिखटाच्या जोरावरच, हेही तितकंच खरं. वांगी, मेथी, गवार रोज विकत घ्यायची तर मजुरीतला मोठा वाटा त्यात जातो. लोणचं सोडा म्हणायच्या आधी भाजीचं काय, याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं. आशाताईंनी सांडपाण्यावर परसबाग करायला चार घरांत सुरुवात करून दिली आहे. बोदवडसारख्या पाण्याची ओढ असलेल्या भागात उन्हाळ्यात ती टिकणं अवघड, पण पावसाळा-हिवाळा तरी ताटात हिरवं येतं.

दुसरी गोष्ट डब्यांत दिसते. रेशनचे गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट आहेत, प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो. त्याने उपासमार टळली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ज्वारी, जी या वस्तीचं रोजचं अन्न होती, ती बाजारात कधी कधी गव्हाहून महाग असते. डॉक्टर शहरात ज्यांना भाकरी खायला सांगतात, ते ती विकत घेतात. जे पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर जगले, त्यांच्या ताटात आता दोन्ही वेळा भात आणि पोळी. तेल पिशवीतलं, स्वस्तातलं पामतेल, आणि तळून उरलेलं परत कढईत.

तिसऱ्या घरात सातवा महिना लागलेली मुलगी. वजन हवं तसं वाढलेलं नाही. हृदयविकाराचं काम मी तिच्यापाशी येऊन सर्वांत गंभीरपणे करते. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली दाखवलं, की जन्मताना ज्यांचं वजन कमी होतं, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मरणारे जास्त. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा मागोवा घेतला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. २००४ साली याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. बारीक दिसणाऱ्याला धोका नाही, हा समज त्या फोटोने खोटा ठरवला. पारावरच्या बाईची ७४ सेंटिमीटरची कंबर म्हणूनच मला निर्धास्त करत नाही. तिच्या आईला सातव्या महिन्यात काय मिळालं होतं, हे तिच्या धमन्यांत कुठेतरी लिहिलेलं असणार.

मुलीच्या सासूला सांगितलं, की घरात शेवटी जेवण्याची पाळी हिच्यावर येऊ देऊ नका. सासू म्हणाली, "मी बी तशीच जेवली, शेवटी." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मी म्हटलं, मावशी, म्हणूनच सांगते. तुमचं आज १५६ आलंय.

दुपारी १.४५

डबा. भाकरी, मेथी, ताक. वीस मिनिटं.

दुपारी २.३०

औषधांचा साठा आणायला बोदवडला. वाटेत बाजार समितीच्या आवारात तंबाखूबद्दल बोलायला थांबते. कापूस-मक्याचा हंगाम, आवारात आणि जिनिंगकडे गाड्यांची रांग. गादीवर व्यापारी, काट्यापाशी तोलणारे, पोत्याखाली हमाल. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. चुना-तंबाखू मात्र प्रत्येकाच्या खिशात. ओझं उचलायच्या आधी चिमूट आणि टाकल्यावर चिमूट. इंटरहार्टनेच मोजलं होतं, की तंबाखू नुसती चघळली तरी झटक्याची शक्यता सुमारे दुप्पट. हमाल दादा म्हणाले, तंबाखूने भूक मरते आणि दुपार निघून जाते. तंबाखू सोडवायची तर दुपारच्या जेवणाची सोय आधी लावावी लागेल, हे त्या एका वाक्यात आलं.

बस स्थानकावर चहा घेतला. एसटीचा ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारच्या बाकावर. त्यांना पाहिलं की मला जेरी मॉरिस आठवतात. १९५३ साली मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. पगार, वस्ती, शिक्षण साधारण सारखंच. एक दिवसभर बसून, दुसरा दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी उशिरा. व्यायाम आणि हृदय यांच्या नात्याचा अभ्यास तिथून सुरू झाला. मला त्या कामातला पुढचा टप्पा जास्त शिकवून जातो. १९५६ साली मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची मापं काढली. ड्रायव्हरांच्या कंबरा नोकरीला लागतानाच मोठ्या होत्या! म्हणजे सगळा दोष बसण्याचा नव्हता. कोण कुठल्या सीटवर पोचतो, हेही आधीच काही अंशी ठरून आलेलं होतं. त्यांनी ते लपवलं नाही, म्हणून मला ते मोठे वाटतात.

त्यांच्यानंतर लंडनच्याच सरकारी कचेऱ्यांत, १९६७ पासून, हजारो पुरुष नोकरदार तपासले गेले; त्या माहितीचे निष्कर्ष मायकेल मार्मट यांनी मांडले. कोणी उपाशी नव्हतं, कोणी बेकार नव्हतं. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा, शिपाई-द्वारपालांचा हृदयविकाराने होणारा मृत्यू सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या ३.६ पट निघाला. धूम्रपान, प्रेशर, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरून झालं तरी दरी पुरती बुजली नाही. कामावर आणि वेळेवर स्वतःचा ताबा किती, याचा त्यात वाटा आहे, असं पुढच्या अभ्यासांनी सांगितलं. बाजार समितीत हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. भाव पडल्याची बातमी गादीवर येते, तेव्हा व्यापाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. शेतकरी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसतो.

दुपारी ४.२०

आशाताईंचा फोन. वस्तीतला एक दादा, सेहेचाळीस वर्षांचा, सकाळी अकरापासून छातीत जळजळ. "पित्त झालं असीन, म्हणे." मी स्कूटी वळवली.

पोचले तेव्हा तो बाजेवर बसलेला. थंडीचे दिवस असून शर्ट घामाने ओला. डाव्या खांद्यापासून जबड्यापर्यंत कळ. अकरा वाजता त्याने सोडा प्यायला होता, झाडाखाली अर्धा तास पडला होता आणि मग पुन्हा उठला होता, कारण तीन वाजता कापसाचं माप व्हायचं होतं. मापाला हजर नसलं तर त्या दिवसाच्या कष्टाचा हिशेब कोणाच्या नावावर लागेल, याची धास्ती. माप झालं, गाठोडी गाडीत चढवली, घरी आला.

१०८ ला फोन केला. डॉक्टरांना व्हिडिओवर घेतलं, त्यांच्या सांगण्याप्रमाणे अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली. त्याला चालू दिलं नाही, लघवीलाही नाही. मग मी त्याच्या घरच्या वहिनींना रेशनकार्ड आणि आधार शोधायला सांगितलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, अँजिओप्लास्टीही त्यात बसते, पण कागद लागतात. कार्ड पेटीत नव्हतं, फळीवर नव्हतं. शेवटी रेशन दुकानाच्या पिशवीत गव्हाखाली सापडलं. तोवर रुग्णवाहिका आली.

बोदवडच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघाला. झटकाच होता. तिथून जळगाव पन्नासहून अधिक किलोमीटर.

संध्याकाळी ५.५०

रुग्णालयाच्या पायरीवर बसून वेळा लिहून काढल्या. अकरा ते साडेपाच: साडेसहा तास. धमनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या एक-दोन तासांत जेवढं काम करतं, तेवढं नंतर करत नाही. बंद धमनीच्या पुढचा स्नायू दर मिनिटाला मरत असतो.

हे साडेसहा तास त्याच्या एकट्याचे नाहीत. २००८ साली भारतातल्या ८९ रुग्णालयांमधल्या २०,४६८ हृदयरुग्णांची पाहणी लॅन्सेटमध्ये आली होती. दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मधला वेळ होता ३६० मिनिटं. म्हणजे सहा तास. तीस दिवसांच्या आत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. आणि दोघांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूंतला फरक उरला नाही. गरिबाचं हृदय वेगळं नव्हतं. त्याला मिळालेलं औषध वेगळं होतं.

सतरा देशांतल्या एका मोठ्या पाहणीतही असंच दिसलं होतं: गरीब देशांत धोक्याची कारणं कमी, तरी मृत्यू जास्त. मी तेल, मीठ, मिश्री, चालणं यांबद्दल दिवसभर बोलते आणि उद्याही बोलेन. त्यावर माझा विश्वास आहे. पण आज हा माणूस तेलाने अडला नव्हता. तो मापाच्या काट्यापाशी अडला होता.

संध्याकाळी ६.४०

सकाळच्या बाईच्या घरी. वेचणी करून परतलेली, बोटांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे. पुन्हा मोजलं: १६२/१००. डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, गोळी सुरू झाली. वस्तीत काय झालं ते तिला कळलेलं होतं. "गोयी कव्हा घ्यायची, वेचाले जायच्या आंधी का मंग?" रोज एकाच वेळी घे, भाकरी बांधताना. रिकामी झालेली पाकिटं टाकू नको, शनिवारी मला दाखव. मिश्रीबद्दल आज बोलले नाही. एका दिवशी एकच.

संध्याकाळी ७.४५

जळगावहून फोन आला. इंजेक्शन लागू पडलंय, दुखणं थांबलंय, सोमवारी अँजिओग्राफी.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. सकाळचे बागायतदार भाऊ, मुकादम, वस्तीतली तरुण पोरं, आणि मागे उभ्या बाया. मी तीनच गोष्टी सांगितल्या. छातीत मधोमध दाब, खांदा-जबडा-हाताकडे जाणारी कळ, गार घाम, यांतलं काही आलं की पित्त समजून थांबायचं नाही; बायांना आणि साखरवाल्यांना नुसता दम लागतो किंवा जीव घाबरतो, तोही धरायचा. लगेच १०८. आणि ती यायला वेळ लागणार असेल तर गावातली गाडी.

मुकादम म्हणाला, "मापाचं काय?" सगळ्यांच्या मनातला प्रश्न त्यानेच विचारला, हे बरं झालं. बराच वेळ वाद झाला. शेवटी भाऊंनी सांगितलं, की त्यांच्या वावरात कोणाला असं दुखलं, तर वेचलेला कापूस त्याच्या नावाने वेगळा ठेवायचा आणि त्या दिवसाची मजुरी पुरी द्यायची. मागून एक बाई म्हणाली, "हे लिहून घ्या व सिस्टर." ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिलं. बाकीच्या चार मळेवाल्यांशी भाऊच बोलतील, असं ठरलं.

मग गाड्यांची यादी. एका पोराची जीप आहे, तो म्हणाला, रात्री दोनला फोन केला तरी येईन, डिझेलचे पैसे नंतर पाहू. आशाताईंनी खडूने भिंतीवर १०८ च्या खाली त्याचा नंबर लिहिला, आणि दुसऱ्या गाडीवाल्याला विचारायला आम्ही पलीकडच्या गल्लीत निघालो.